न पडलेली थाप

मित्रांनो, आमच्या गावच्या शाळेत फळ्याच्या डाव्या हाताला, खिळ्यावर जो जुना ढोल टांगला आहे ना, तो मी. पोट रिकामे आणि आवाज मोठा, अशी आमच्या जातीची ख्याती आहे आणि ती काही खोटी नाही. मीही तरुणपणी पुष्कळ गडगडलो. पण माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी थाप अशी होती, की ती कुणालाच ऐकू आली नाही. तिचीच गोष्ट सांगायची आहे. आज डोंगरावरून वारा सुटला आहे. माझ्या लाकडी अंगाला एक बारीकसे भोक आहे. त्यातून वारा आत शिरला की मला अर्धवट झोप लागते आणि जुने पाय माझ्याभोवती पुन्हा फिरू लागतात.

होय, पाय. तुम्ही माणसांना चेहऱ्यांवरून ओळखता, मी पायांवरून ओळखतो.

माझा जन्म इथला नव्हे. इथून ट्रकने तीन दिवसांच्या वाटेवर सिवासचा उंच माळ आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ दाराच्या कडीपर्यंत येतो. त्या माळावर सातिलमिश नावाचा म्हातारा चाळण्या बनवत असे. ज्याला चाळणीचे कडे वाकवता येते त्याला ढोलाचेही येते. त्याने अक्रोडाची फळी गरम पाण्यात मऊ करून वाकवली आणि माझे अंग तयार केले. एका तोंडाला बोकडाचे जाड कातडे लावले, दुसऱ्याला करडाचे पातळ कातडे. मग दोन्ही दोरीने असे ताणले की मला पहिल्यांदा जाग आली. जाड तोंडावर वाकड्या दांड्याचे टिपरू पडते, तेव्हा मी म्हाताऱ्या माणसासारखा घुमतो. पातळ तोंडावर शिमटी पडते, तेव्हा पोरासारखा चिवचिवतो. अशी दोन वये मला जन्मापासूनच मिळाली आहेत.

मला घ्यायला हिदीर आला. विशीतला, लांब हाताचा, हसरा गडी. सातिलमिशने मला त्याच्या खांद्यावर अडकवले आणि त्याचा कान पकडला.

"हा ढोल आहे, गाढव नव्हे," तो म्हणाला. "जितका बडवशील तितका पळेल असं समजू नकोस."

"पळवूनच दाखवतो, उस्ताद," हिदीर म्हणाला.

दोघेही हसले. मीही मनातल्या मनात हसलो. त्या म्हाताऱ्याचे बोलणे मला समजले नव्हते.

सिवासकडचा नाच रांगेचा. करंगळीत करंगळी अडकवून तीस-चाळीस माणसे उभी राहतात आणि टोकाचा म्होरक्या रुमाल फिरवतो. सुरुवात संथ असते, कारण आधी म्हातारी माणसे नाचतात. मग ढोल हळूहळू वेग घेतो. म्हातारे एकेक करून रांगेतून गळतात आणि शेवटी फक्त तरणी पोरे उड्या मारत उरतात. तिथे नाचणारा थकतो, ढोल थकत नाही. हिदीरचा हात क्षणभर जरी थांबला तरी लोक ओरडत, "काय रे हिदीर, हात मोडला का?" त्यामुळे थापांच्या मध्ये रिकामी जागा दिसली की ती भरून टाकायची, हेच आम्ही दोघे शिकलो. सनई वाजवायला जाफर असे. हिदीरची बायको गुलिझार, तिचा हा थोरला भाऊ. दिवसभर एक शब्द न बोलणारा आणि सनई तोंडाला लावली की न थांबणारा.

एके वर्षी माळावर गहू उगवलाच नाही. तेव्हा हिदीर, गुलिझार आणि जाफर पश्चिमेच्या सखल मुलखात कापूस वेचायला निघाले. मी ट्रकमध्ये गोधड्यांवर बसून गेलो.

मित्रांनो, त्या कापसाच्या रानात मला आपला देश भेटला. नकाशात नव्हे, पायांत. शुक्रवारी दुपारी काम बंद असे. मग तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत हिदीर मला गळ्यात अडकवी. उर्फाची माणसे खांद्याला खांदा इतका घट्ट लावत की मधून वारा जाणार नाही, आणि सगळी मिळून एकदम पाय आपटत. ती थाप जमिनीतून माझ्या पोटात येई. कोन्याच्या बायका स्वयंपाकाचे लाकडी चमचे घेऊन येत. दोन-दोन चमचे बोटांत धरून त्या असे खुळखुळवत की माझे पातळ तोंड लाजून गप्प बसे. थ्रेसचा एक राखणदार आणि त्याची जाड बायको समोरासमोर उभी राहून रुमाल हलवत, नुकतेच भांडण मिटल्यासारखी लाजत, हसत. आणि ट्रकवाला इद्रिस! तो काळ्या समुद्राच्या काठचा. त्याच्याकडची तीन तारांची छोटी सारंगी जवळ नसली की तो तोंडानेच तिचा सूर काढी आणि जाळ्यातल्या मासळीसारखे खांदे थरथरवी. त्याचा नाच पाहून मला नेहमी वाटे की हा माणूस ओला आहे.

त्या सगळ्या पायांना मी साथ दिली. कसे वाजवायचे ते मला कुणाला शिकवावे लागले नाही. माझी छाती फुगली. या देशात असा नाच नाही की जो मी पळवू शकणार नाही, असे मला वाटू लागले. हिदीरलाही तसेच वाटत होते. आम्हा दोघांचे एका बाबतीत चांगले जमत असे, ते म्हणजे फुशारकी.

हंगाम संपल्यावर आम्ही माळावर परतलो नाही. सखल रानाच्या वर डोंगरात ऑलिव्हच्या झाडांचे एक गाव होते, हेच आपले गाव. इथला ढोलवाला म्हातारपणाने गेला होता. गावाच्या मुखियाने हिदीरला विचारले, "राहतोस का?" एक घर मिळाले, दारात अंजिराचे झाड मिळाले. हिदीर राहिला, गुलिझार आणि जाफरही राहिले.

याच गावात मेस्तान राहत होता. या डोंगरात धीट आणि शब्दाला पक्क्या माणसाला लोक मानाने 'एफे' म्हणतात. मेस्तानला सारे गाव एफे म्हणे. उंच, बारीक, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. त्याचा नाच म्हणजे या गावची खूण होती. शेजारच्या गावांत तसा नाच आहे, पण हे पाऊल नाही, असे लोक सांगत. ते पाऊल मेस्तानने बापाकडून घेतले होते आणि त्याच्याशिवाय आता ते कुणालाच येत नव्हते.

हा नाच एकट्याचा असतो. माणूस आधी रिंगणात नुसता फिरतो, हात खाली सोडून, सुगी झाल्यावर आपल्या शेताला एक फेरी मारावी तसा. मग थांबतो. हात हळूहळू खांद्यापर्यंत वर येतात. एक पाऊल उचलतो, ते हवेतच ठेवतो. शेवटी एक गुडघा जमिनीला टेकवतो, हाताने मातीला शिवतो आणि उठतो. गुडघा टेकून उठल्याशिवाय नाच पुरा होत नाही. आणि तो पुरा होईपर्यंत रिंगणात दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, मग तो पाहुणा असो की मुखिया. या नाचात ढोलाने माणसाला पळवायचे नसते. माणसाच्या मागून जायचे असते.

हे सारे मला आज कळते. तेव्हा कळत नव्हते.

मेस्तानच्या मुलाच्या लग्नात मोठे रिंगण भरले होते. चार गावांचे पाहुणे होते. मोठ्या हंड्यांत गहू आणि मांस घोटून शिजत होते, त्याचा वास अंगणभर दरवळत होता. मेस्तान रिंगणात उतरला. जाफरने सूर धरला. मेस्तानने एक फेरी घेतली, थांबला, हात वर नेले आणि उजवा पाय उचलून तसाच उभा राहिला. सगळे रिंगण शांत झाले. मला तो क्षण चांगला आठवतो, कारण माझ्या दोन्ही तोंडांवर काहीच पडत नव्हते आणि मला ते सहन होत नव्हते. हिदीरलाही होईना. त्याला वाटले, म्हातारा अडखळला, आपण सावरून घ्यावे. त्याने ती रिकामी जागा भरली. धाडकन थाप मारली, मागोमाग दुसरी, मग सिवासचा वेगच धरला. पाहुण्यांतल्या पोरांना चेव आला. टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत सहा-सात जण रिंगणात घुसले आणि मेस्तानभोवती नाचू लागले.

मेस्तानने पाय खाली ठेवला. हात खाली घेतले. तो शांतपणे हिदीरपुढे येऊन उभा राहिला.

"ढोल तुझा असेल, पोरा," तो म्हणाला, "पण गुडघा माझा आहे."

एवढे बोलून तो घरात गेला. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्याचा नाच अर्धा राहिला. हिदीरची चूक कापसाच्या रानात कुणी हसून सोडून दिली असती. या डोंगरात ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

त्यानंतर मेस्तान कुणाच्याच लग्नात नाचला नाही. लोकांनी हिदीरला गावाबाहेर काढले नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त ढोलवाला खालच्या गावातून येऊ लागला. हिदीर दुसऱ्यांची ऑलिव्ह वेचू लागला, दगडी बांध रचू लागला. मी गोठ्यात गेलो. पहिल्या वर्षी त्याने मला फडक्यात गुंडाळून ठेवले होते. दुसऱ्या वर्षी ते फडके गुलिझारला दुसऱ्या कामाला लागले. तिसऱ्या वर्षापासून माझ्या जाड तोंडावर तिने मीठ लावलेल्या लाल मिरच्या उन्हात वाळत घातल्या. ज्याच्या तालावर चार मुलखांचे पाय नाचले, त्याच्यावर मिरच्या! मला रडू येई. पण ढोल रडतो कसा, हे त्याचे त्यालाही माहीत नसते. उन्हाने आणि मिठाने माझे कातडे तडकले आणि उरलेले एका उंदराने कुरतडून खाल्ले.

त्या काळात मी खूप स्वप्ने पाहिली. माझे बोकडाचे तोंड जाण्यापूर्वी रोज सिवासच्या माळाचे स्वप्न पाही. माझे करडाचे तोंड मात्र त्या एका उचललेल्या पायाचे स्वप्न पाही. तो पाय हवेत असे आणि कधीच खाली येत नसे. मी स्वप्नात म्हणे, आता टेकव, आता टेकव. तो टेकत नसे. अशी नऊ वर्षे गेली.

गावाची भट्टी सगळ्यांची मिळून एकच आहे. बायका तिथे आळीपाळीने भाकरी भाजतात पण आळीपाळीने बोलतात असे म्हणवत नाही, सगळ्या एकदम बोलतात. एके सकाळी तिथे गुलिझार आणि मेस्तानची बायको उम्मुहान अशा दोघीच होत्या. गुलिझारने घरी येऊन हे सारे हिदीरला गोठ्यात सांगितले, म्हणून मला कळले.

"उम्मुहान मावशी रडकुंडीला आलीय," ती म्हणाली. "म्हणते, माझा म्हातारा चहाचं भांडं आणायला उठला तरी दोन पावलं टाकून थबकतो. तो नाच त्याच्या पायात अडकून बसलाय. त्यात गुडघा दुखतो. शहरातला डॉक्टर म्हणाला, आणखी एखादं वर्ष वाकेल, मग नाही."

हिदीरने गव्हाणीत चारा टाकला.

"आणि एल्वानचं लग्न ठरलंय," गुलिझार म्हणाली. एल्वान हे मेस्तानचे शेंडेफळ. "मुलगा तुझ्या त्या इद्रिसचा पुतण्या. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस तो, आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि सोयरीक जुळवून गेला. पोरीनं बापाला सांगितलंय, तुमचा नाच बघितल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

"मग काका काय म्हणाले?"

"ते उठून ऑलिव्हकडे गेले. त्यांच्यात रीत आहे म्हणे. अर्धा राहिलेला नाच माणूस आपणहून पुन्हा धरत नाही. ज्या ढोलानं मोडला, त्यानंच येऊन मागायचा."

"मी मागायला शंभरदा जाईन, गुलिझार. पण पुन्हा माझा हात चालला तर?"

तेव्हा गुलिझार जे म्हणाली, ते मी आजही विसरलो नाही.

"तू नऊ वर्षं तुझ्या हाताकडेच बघत बसलायस, हिदीर. एकदा त्या माणसाच्या पायांकडे बघ."

दुसऱ्या दिवशी हिदीरने मला गोठ्यातून काढले. एका बाजूने मी फाटलेला होतो, वाजण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने मला पाठीवर घेतले. मेस्तान संध्याकाळी गाढव घेऊन ऑलिव्हच्या बांधांवरून घरी येत असे. हिदीर वीस पावले मागे राहून त्याच्या मागून चालू लागला. रोज. टिपरू त्याच्या कमरेला असे आणि हात रिकामे.

मित्रांनो, मी त्या वाटेवर जितके शिकलो, तितके कुठेच शिकलो नाही. मेस्तान चार पावले चालायचा आणि थांबायचा. कधी धाप लागली म्हणून, कधी एखादे झाड बघायचे म्हणून, कधी काहीच नाही म्हणून. हिदीरही थांबायचा. आधी त्याची बोटे मांडीवर वळवळत. महिन्याभराने ती निवली. मग त्या थांबण्यालाही माप आहे हे आम्हाला जाणवू लागले, पण ते आकड्यांत सांगता येत नव्हते. चालणाऱ्याचा श्वास परत आला की ते माप भरत असे. माझ्या फाटक्या तोंडातून ऊन आत येई, झाडांच्या सावल्या आत येत. रिकामी जागा इतकी भरलेली असते, हे मला ठाऊकच नव्हते.

मेस्तानला सारे कळत होते. तो मागे वळून बघत नसे. एकदा फक्त गाढवाला म्हणाला, "आता तू हरवलास तरी काळजी नाही. आपल्या मागनं शोधायला माणूस येतोच आहे." दुसऱ्या एका संध्याकाळी हिदीरला शिंक आली. मेस्तान पुढे बघतच म्हणाला, "शिंकेनं का होईना, वाजलास एकदाचा." हिदीर हसला. नऊ वर्षांत मेस्तान त्याच्याशी बोललेले हे पहिलेच वाक्य.

बकरी ईदला मेस्तानच्या घरी म्हातारा बोकड कापला गेला. मोठा हट्टी बोकड. त्याच्या पाठीवर तळहाताएवढा काळा ठिपका होता. दोन दिवसांनी उम्मुहान मावशी पदराखाली गुंडाळी घेऊन आमच्या दारात आली.

"घे," ती गुलिझारला म्हणाली. "ईदचं कातडं दान करायचं असतं. मी केलं."

"मावशी, काकांना कळलं तर?"

"दान केलं म्हणून सांगितलंय. कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही. आणि हा बोकड तुझ्या काकांसारखाच होता, ओढला की मागं जायचा. याच्यावर थाप मारताना तुझ्या नवऱ्याला ध्यानात राहील."

हिदीरने ते कातडे राखेच्या पाण्यात भिजवले, केस काढले, माझ्या अंगावर ताणून सावलीत वाळवले. कातडीतला काळा ठिपका तसाच राहिला. त्याने नव्या कातड्यावर एकदाही टिपरू मारून पाहिले नाही. बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि मला भिंतीशी ठेवले. अशा रीतीने मी अर्धा सिवासचा आणि अर्धा इथला झालो.

लग्नाच्या दिवशी दुपारी समुद्राकाठची माणसे बस भरून आली. उतरल्या उतरल्या त्यांनी हात धरले, छोटी सारंगी वाजू लागली आणि सगळ्यांचे खांदे थरथरू लागले. पुढे इद्रिस, आता पोट सुटलेला, पण खांदे तेच, ओले. आपल्या गावची माणसे बघतच राहिली. ती धावपळ संपली, पाणी पिऊन झाले. एल्वान लाल ओढणी घेऊन दारात उभी होती. गाडी सजवून तयार होती. ती जागची हलेना.

तेव्हा हिदीर मला गळ्यात अडकवून अंगण ओलांडून गेला. मेस्तान बाकावर बसला होता. हिदीरने टिपरू त्याच्या पायाशी ठेवले.

"काका," तो म्हणाला, "तुमचा अर्धा नाच माझ्याकडे राहिलाय."

मेस्तानने वर पाहिले. "नऊ वर्षं सांभाळलास?"

"सांभाळला."

"धड आहे ना?"

"उंदरानं थोडा कुरतडलाय, काका."

कुणीतरी फिस्सकन हसले. मेस्तानची मिशी हलली. त्याने वाकून ते टिपरू उचलले, हिदीरच्या हातात दिले आणि रिंगणात उतरला.

जाफरने सूर लावला. मेस्तान हात खाली सोडून फिरू लागला आणि आम्ही त्याच्या मागून निघालो, ऑलिव्हच्या वाटेवर जात होतो तसेच. तो थांबला, आम्ही थांबलो. पाय टेकला, मग थाप. माझे नवे कातडे पहिल्यांदा बोलले आणि तो आवाज माझा मलाच अनोळखी वाटला, जुना आणि खोल. हात वर आले. पाय उचलला गेला. तोच पाय, माझ्या स्वप्नातला! तो हवेत राहिला. ती रिकामी जागा कुणी भरली नाही. मग तो खाली आला, आणि मेस्तानने गुडघा वाकवून जमिनीला टेकवला.

आणि त्याला उठता येईना.

त्याचा हात मातीवर होता, मान खाली होती. खांद्याने एकदा जोर केला, जमले नाही. आता काय करायचे? मी जर वाजलो असतो, तर सगळ्यांना कळले असते की थाप पडली आणि म्हातारा खालीच राहिला. कुणी रिंगणात धावले असते, तर नाच पुन्हा मोडला असता आणि या वेळी कायमचा. हिदीरने टिपरू उचलले होते. ते हवेतच राहिले. जाफरने गालात वारा भरून घेतला, नाकाने श्वास ओढला आणि तो एकच सूर धरून ठेवला. तो सूर तुटू द्यायचा नव्हता. त्याचे डोळे लाल झाले.

समुद्राकडच्या पाहुण्यांना ही रीत ठाऊक नव्हती. "अरे, म्हातारबुवा पडले!" म्हणत इद्रिस पुढे निघाला. गुलिझारने मागून त्याचा पट्टाच धरला.

"जागेवर राहा, इद्रिसभाऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पडले नाहीत. नाचतायत."

इद्रिस थांबला. सगळेच थांबले. मला वाटले, आता हा डोंगरही थांबला आहे. माझ्यावर पडणारी ती थाप माझ्या कातड्यापासून हातभर अंतरावर होती आणि हिदीरने ती तशीच धरून ठेवली होती. त्याने डोळे मेस्तानच्या पायांवरून हलवले नाहीत. सिवासचा सगळा माळ, सगळी करंगळीत करंगळी अडकवलेली माणसे त्याला ओरडून विचारत असतील, हात मोडला का रे हिदीर? त्याने ऐकले नाही. मीही ऐकले नाही. आम्हाला फक्त एका माणसाचा श्वास परत येताना ऐकायचा होता.

तो परत आला. मेस्तानने मुठीत थोडी माती घेतली, मुठीवर भार दिला आणि तसूतसूने उठला. पाठ सरळ झाली, मान वर झाली, हात पुन्हा खांद्यापर्यंत गेले. तो पुरता उभा राहिला तेव्हाच हिदीरने थाप मारली. एकच.

नाच पुरा झाला.

मेस्तान धापा टाकत हिदीरपुढे आला. "काय रे सिवासवाल्या," तो म्हणाला, "झोप लागली होती काय?"

"नाही काका," हिदीर म्हणाला. "वाट बघत होतो."

मेस्तानने मातीची मूठ उघडली आणि तोच मातकट हात हिदीरच्या मानेवर ठेवला. हिदीर रडू लागला. टिपरू हातात असल्याने त्याला डोळे पुसता येत नव्हते. मग मेस्तानची नजर माझ्यावर गेली. तो वाकून बघू लागला.

"हा ठिपका ओळखीचा दिसतोय. उम्मुहान, तू तर म्हणालीस कातडं दान केलं."

"केलंच की," उम्मुहान मावशी आकाशाकडे बघत म्हणाली.

सगळे अंगण हसले. एल्वान धावत आली, बापाच्या गळ्यात पडली आणि मग गाडीत जाऊन बसली.

त्या दिवसानंतर मेस्तानचा गुडघा पुन्हा कधी टेकला नाही. चार हिवाळ्यांनंतर तो गेला. गावचे पाऊल त्याच्याबरोबर जायचे, पण गेले नाही. महिनोन्महिने त्याच्या मागून जो चालला होता, त्याच्या अंगात ते राहिले होते. दर गुरुवारी हिदीर मला घेऊन या शाळेत येई आणि आपल्याच गावच्या मुलांना आपलाच नाच शिकवी. "परक्यानं शिकवावं लागतंय!" असे म्हणून म्हातारे चिडवत, आणि पोरांना वेळेवर पाठवत.

आता हिदीरही नाही. मी इथे खिळ्यावर आहे. मित्रांनो, तुम्ही वर्गात येता-जाता मला टपल्या मारता, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण पावसाळी दिवसांत माझे कातडे सैल पडते, तेव्हा मला थोडे ऊन दाखवा, शेगडीजवळ नेऊ नका. माझ्यावर मिरच्या तेवढ्या वाळत घालू नका. आणि तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा उठताना, चालताना, बोलताना मध्येच थांबले, तर ती जागा घाईने भरू नका. ते पडलेले नसतात. त्यांचा श्वास परत येईपर्यंत नुसते उभे राहा.

वारा आता उतरला आहे. माझ्या पोटात तो एक उचललेला पाय अजून आहे, पण आता तो हवेत अडकलेला नाही. टेकतो आणि उठतो. पुन्हा टेकतो, पुन्हा उठतो. तुमच्यापैकी कुणीतरी एक दिवस मला खिळ्यावरून काढेल आणि रिंगणात उतरेल. सावकाश या. मला वाट पाहता येते.